होळीची परवानगी

सत्तेचे तीन प्रकार मी यवतमाळच्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवते. परंपरेने आलेली, माणसाच्या प्रभावाने मिळालेली आणि कायद्याने दिलेली. पोरं घोकतात, पेपरात ओकतात आणि मोकळी होतात. मी मात्र पहिल्याच प्रकाराशी अडखळते. तो प्रकार म्हणजे माझा बाप.

बा आमच्या घाटंजीकडच्या बंजारा तांड्याचा नायक. घरात गोर बोली, बाहेर वऱ्हाडी. इथं बाहेरचीच लिहिते, म्हणजे कोणी अडणार नाही. आजा नायक म्हणून बा नायक. ना शिक्का, ना मानधन. पण आमच्यात होळी पहाटे पेटते, आणि त्या पहाटे सगळा तांडा दारात येऊन विचारायचा, "नायक, होळी पेटवाची का?" बा मुद्दाम थोडा भाव खायचा, मग हो म्हणायचा. त्याआधी काडी ओढायची कोणाची छाती नव्हती.

पुढे आमच्यातलाच एक जण सरपंच झाला. भांडणं पोलीस ठाण्यात जाऊ लागली. त्यात एक तरुण पुढारी उगवला. तो बोलायला लागला की म्हाताऱ्यासुद्धा टाळ्या वाजवत. यात वाईट कोणीच नव्हतं, हेच तर दुखणं. शिव्या तरी घालायच्या कोणाला?

गेल्या होळीला मी घरी होते. बा पहाटेच पागोटं बांधून ओट्यावर बसला. तांड्याच्या टोकाला डफ वाजला आणि पाठोपाठ ज्वाळा दिसल्या. आमच्या दारात कोणी आलंच नव्हतं.

बा तिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इचारून गेले असतीन. मलेच आयकू नाही आलं."

त्याचे कान चांगले तिखट आहेत. मी म्हणाले, "हो बा. तुमचा डोया लागला व्हता. म्याच सांगतलं, पेटवा म्हणून."

बा भडकला. "नायक तू हायेस का मी? मले उठवलं काहून नाही?"

त्या रागाने मला इतकं बरं वाटलं!

"कोन आलतं इचाराले?"

"कारभारी," मी पटकन म्हणून गेले. दरवर्षी सगळ्यांच्या पुढे तोच असायचा, बाचा उजवा हात. म्हटलं आणि जीभ चावली. कारभाऱ्याला आम्ही दिवाळीच्या आधीच पोचवून आलो होतो. पहिला खांदा बाने दिला होता.

बाने माझ्याकडे पाहिलं. राग कुठल्या कुठे गेला. पागोटं सोडून त्याने मांडीवर ठेवलं.

"कारभारी आलता," तो म्हणाला, "तं मंग बरं केलं, हो म्हनली ते."