अर्जातला परमपूज्य

बेळगावच्या कचेरीबाहेर चिंचेखाली बसून तो लोकांचे इंग्रजी अर्ज लिहायचा. दुसऱ्या महायुद्धात सुताला सरकारी परवाना लागू लागला आणि शहापुरातले माझे माग थांबले, म्हणून मी त्याच्याकडे गेलो. पण माणसाचा भरवसा वाटेना. लिहिताना कागदावर डावा हात आडवा धरायचा, नजरेला नजर देत नसे. सरकारचा कान असावा, असं आम्ही विणकर म्हणायचो.

त्यानं लिहून दिलेला अर्ज मी आधी शाळामास्तरांना दाखवला. कलेक्टरसाहेबाला उद्देशून पहिलाच शब्द ‘रिव्हिअर्ड’. म्हणजे परमपूज्य, असं ते म्हणाले. हा सरकारचाच माणूस, अशी माझी खात्रीच पटली.

तसाच परत गेलो. म्हटलं, “आमी मठातल्या स्वामींस्नी परमपूज्य म्हणतो. साहेब कवापास्नं झाला?”

मान वर न करता तो म्हणाला, “अण्णा, कागदावर शब्द वाकवला की आपल्याला वाकाय लागत न्हाय.”

मला ते बोलणं गुळगुळीत वाटलं.

एवढ्यात साहेबाची मोटार आली. चिंचेखालचे आम्ही सगळे धडपडत उठलो. मी कमरेत वाकून सलाम केला.

मान वर केली, तर तो जागेवरच बसून टाकाचं टोक धोतराला पुसत होता.