वळून बघायचं नसतं

सोलापूरच्या सपाटीत वाढलेली मुलगी डोंगरात काय शोधते, असं पाहुणे विचारत. आईचं उत्तर तयार असे, "डोंगर पोखरून उंदीर काढती की!" मी पुरातत्त्वात काम करते. बार्शीच्या पलीकडे, बालाघाटच्या डोंगरात जुन्या वस्त्या शोधत फिरते. राखेच्या रंगाची माती आणि खापरं दिसली की थांबायचं आणि खणायला घ्यायचं.

यंदा एका पठारावर खणताना घराची जमीन लागली, चोपून केलेली. तिच्याखाली दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि आत तान्ह्या बाळाची हाडं. तीनेक हजार वर्षांपूर्वी लोक आपली गेलेली बाळं अशी घरातच पुरत. हे पुस्तकात वाचलेलं होतं, तरी ब्रश हातातच राहिला.

सुटीत घरी आल्यावर मोबाइलवरचा फोटो आईला दाखवला. चष्मा लावून तिनं तो बराच वेळ पाहिला.

"आन् ह्याची आई कुटं झोपायची?"

"त्याच जमिनीवर. बाळाच्या वर."

माझ्याआधी एक मुलगी झाली होती आणि बारशाआधीच गेली, एवढंच मला ठाऊक होतं. माझे वडील, अण्णा, तेव्हा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होते. तिचा विषय घरात कधी निघत नसे. त्या दिवशी आईनं मोबाइल खाली ठेवला आणि अण्णांना विचारलं, "आपली कुटं ठिवली हो?"

अण्णांनी पेपरची घडी घातली. "लायनीच्या पलीकडं. वड्याच्या अंगाला."

"वड्याला कुटं?"

"पुरून परत येताना वळून बघायचं नसतं, संगतीचे लोक म्हणाले. म्या बघितलंच न्हाय."

मला भयंकर राग आला. ज्यानं कुणी ही रीत घातली त्याला बाईच्या पोटाची काय पडली होती!

पुढच्या रविवारी तिघं कुर्डुवाडीला गेलो. जागा शोधणं हे तर माझं रोजचं काम, अशा तोऱ्यात मी निघाले होते. आईही मोठ्या आशेनं माझ्याकडे बघत होती. एक न हललेली खूण धरायची आणि तिथून मोजत जायचं, अशी आमची पद्धत. मी अण्णांना विचारत सुटले. झाड होतं का? ऊन कुठल्या बाजूला होतं? क्वार्टरपासून किती चाललात? ओढ्याचा आता सिमेंटचा नाला झाला होता, आणि काठानं घरं उठली होती. अण्णा नाल्याशी उभे राहिले, इकडं तिकडं बघितलं आणि रडायला लागले.

"जाताना माझी नजर तिच्या तोंडावर हुती गं," ते म्हणाले. "वाट बघितलीच न्हाय."

आईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला. घरी जाऊ."

आईचे गुडघे धरतात म्हणून तिच्यासाठी मुद्दाम उंच पलंग करून घेतला होता. कुर्डुवाडीहून आल्यापासून ती त्यावर झोपत नाही. खाली फरशीवर चादर अंथरते आणि कुशीवर होऊन एक हात जमिनीवर ठेवते. सकाळी तिला एकटीला उठता येत नाही, माझा हात धरून कण्हत उभी राहते. पलंगावर झोप, असं तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही.