पालथं ताट

आमची खाणावळ ज्यात आहे त्या सिनेमात थोरल्या जाऊबाईंना लांब नखं दाखवलीत, तीही रंगवलेली. तसली नखं घेऊन त्या नटीने चाळीस माणसांची कणीक मळून दाखवावी, मी तिच्या घरी पाणी भरेन. शिवाय धान्याच्या डब्यात पिस्तूल. आमच्या डब्यात टोके-किडे सोडून दुसरं काही कधी सापडलं नाही.

जाऊबाई म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. दीर तरणेताठे गेले आणि मागे दोन लांब बाकांची खाणावळ ठेवून गेले. तीच जाऊबाईंनी आयुष्यभर ओढली. मी लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी माझ्या हातात झारा दिला नि म्हणाल्या, "रुसायचं असेल तर जेवणं उरकल्यावर रुसायचं." तेव्हा राग आला होता. पुढे कळलं, त्या स्वतःही तेवढ्याच वेळात रडून घ्यायच्या.

खाणावळीचा एक नियम होता. दाराजवळच्या मांडणीवर प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाचं आपापलं ताट असायचं, काठावर खिळ्याने ठोकलेली खूण. पुढच्या जेवणाला यायचं नसेल तर ताट पालथं घालून जायचं. सुलटी ताटं बघून जाऊबाई पातेलं चढवायच्या, त्यामुळे अन्न वाया जात नसे. आणि ज्याचं ताट त्यानंच फिरवायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. एकदा मी पुसता पुसता एक उलटं ठेवलं, तर तो माणूस उपाशी राहिला म्हणून मला दिवसभर बोलणी खावी लागली.

जेवायला कोण नव्हतं? ट्रकवाले, कारकून, आणि वस्तीतल्या टोळीची पोरंसुद्धा. कुणी नाक मुरडलं की जाऊबाई म्हणायच्या, "पोटाला धंदा विचारायचा नसतो." तसाच एक काटेवाला आला. दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करायचा. मांडणीसमोरची कोपऱ्यातली जागा त्याने धरली ती धरलीच. जाऊबाईंना ताई म्हणायचा. त्याला ताप आला तेव्हा ताईने मऊ भात त्याच्या खोलीवर पोचवला.

ताटं घासायला मावशी होती. कामाला ठेवलेली बाई म्हणायला जीभ वळत नाही, कारण सगळ्यांचं उरकलं की ती नि जाऊबाई एकाच ताटात जेवायच्या. मीठ कमी पडल्यावरून भांडायच्या आणि त्याच ताटात बोटं चाटायच्या. मावशीचा मुलगा टोळीची गाडी चालवायचा. एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून सगळे त्याला भोवरा म्हणायचे. मावशीला ते काम डोळ्यांसमोर नको होतं.

त्या दिवशी सकाळी ती त्याला म्हणाली, टोळी सोड नाहीतर माझ्या दारात येऊ नकोस. तो तोंड फिरवून निघाला आणि जाता जाता आपलं ताट पालथं घालून गेला. मावशी मागे नळाशी रडत होती, तिने ते पाहिलं नाही. जाऊबाईंनी पाहिलं. त्यांना राहवेना. त्यांनी त्याचं ताट सुलटं केलं आणि मावशीला न सांगता निरोप धाडला, आई रडतेय, गपचूप येऊन जेवून जा. दुपारी तो आला. बोळाच्या तोंडाशी साध्या कपड्यांतले पोलीस होते. तो पळाला आणि आमच्या पायरीपाशी गोळी लागून पडला. मी तेव्हा माहेरी होते. हे सगळं जाऊबाईंनी मला एकटीला सांगितलं, पुढे कधीतरी, भांडी पुसताना.

त्याच दिवसापासून काटेवाला दिसेनासा झाला. मग कळलं की तो पोलिसांचा मोठा अधिकारी होता.

मावशी त्यातून उठली ती एका गोष्टीवर. ती म्हणायची, "रागावून गेला होता, पण आपणहून परत आला. माझ्या हातचं खायलाच आला होता." जाऊबाई मान डोलवायच्या. काय करणार, त्या बाईजवळ दुसरं होतं काय?

बारा-चौदा वर्षांनी तो सिनेमा आला. काटेवाल्याची गोष्ट. कोणी म्हणालं, निःशस्त्र पोरांना मारून वर टाळ्या मागतात. कोणी म्हणालं, असे अधिकारी घरोघरी हवेत. मोर्चे निघाले, कोर्टात दावे गेले, टीव्हीवर सुटाबुटातली माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडली. आमच्या बोळात मात्र लोकांनी एकच गोष्ट पाहिली. सिनेमातली खाणावळवाली पोलिसांना सामील असते आणि कोण येणार ते ताट फिरवून कळवते. शेवटी तिला पदकसुद्धा मिळतं.

महिनाभरात मांडणी पालथी झाली. एकेक जण जेवायचा, ताट उलटं घालायचा, पुन्हा यायचा नाही. दाराला कुणीतरी डांबर फासलं. ज्यांनी आमच्याकडे उधार खाऊन लग्नं केली तेही रस्ता बदलून जाऊ लागले, मेले. मावशी कामाला येत राहिली. पण जेवायला बसायची वेळ झाली की पदर झटकून म्हणायची, "पोट भरलंय." विचारलं काहीच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जाऊबाई मला म्हणाल्या, "लोक गेले खड्ड्यात. हिला तेवढं खरं कळू दे. मी कुणाची खबरी नव्हते."

मग मी त्या अधिकाऱ्याचं घर शोधलं. निवृत्त झालेला, गुडघे धरून चालणारा माणूस. मला म्हणाला, "सिनेमावाल्यांना बाईचं काम मोठं हवं होतं. उलट ताईंना हिरोईनच केलंय की."

"तुमच्या हिरोईनच्या घरी कुत्रं जेवत नाही," मी म्हणाले. "अडीच वर्षं तिचं खाल्लंत ना, मग येऊन एवढं सांगा."

आला. एवढं म्हणायला हवं, तो आला. भर दुपारी, एकटा, आणि आपल्या जुन्या जागेवर बसला. मावशी हात पुसत समोर उभी राहिली. तो म्हणाला, "ताईंना काहीच माहीत नव्हतं, मी कोण तेसुद्धा नाही. मी जेवता जेवता ताटं बघायचो, एवढंच. सिनेमातलं ते खोटं आहे."

जाऊबाईंनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. तिथंच त्याने थांबायला हवं होतं. पण खरं बोलायला बसलेल्या माणसाला कुठे थांबायचं ते कळत नाही. "उलट त्या दिवशी तुमच्या मुलाचं ताट पालथं होतं," तो म्हणाला. "मी माणसं परत पाठवणार होतो. मग पुन्हा पाहिलं तर सुलटं."

त्याने ते पाहिलं असेल, हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पालथं होतं?" मावशी म्हणाली. "मग सुलटं कुणी केलं?"

"मी," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"ती माहेरी होती," जाऊबाई म्हणाल्या. "मी केलं. निरोपही मीच धाडला होता."

मावशी त्यांच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी काहीतरी बोलले असते. "म्हणजे तो आपणहून नव्हता आला," ती म्हणाली.

"नाही."

ती मागे गेली. तिने होती नव्हती ती सगळी भांडी घासली, रोजच्यासारखी, घाई न करता. ताटं आणून मांडणीवर लावली. शेवटी दोघींचं ते ताट आणलं, पदराने कोरडं केलं आणि पालथं घातलं. मग चपला घालून गेली. अधिकारी अजून बसलेलाच होता. त्याला पाणीही कुणी विचारलं नाही.

मावशी परत आली नाही. पलीकडच्या बोळात राहते, बाजारात दिसते, बोलत नाही. खाणावळीत आता वाट चुकलेले दोन-चार परके येतात. जाऊबाई त्यांना वाढतात, आणि स्वतः ओट्याशी उभ्या राहून वाटीत घेऊन खातात. ते ताट तसंच आहे, धूळ बसलेलं. परवा मला बघवेना. म्हटलं, निदान धुऊन सुलटं तरी ठेवू, आणि हात लावला.

"राहू दे," जाऊबाई म्हणाल्या. "ज्याचं ताट त्यानंच फिरवायचं."