दहा बिनडिस्कचे संगणक आणि आमचे दाजी

आमच्या दाजींइतका तापदायक माणूस अख्ख्या सेनगाव तालुक्यात दुसरा नसेल. त्यातून थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे घरचा जावई. चिडायचीही सोय नाही. मी सेनगावात संगणकाचा वर्ग काढला तेव्हा दाजींनी कुठून तरी हार्डडिस्क नसलेले दहा जुने संगणक आणून बसवले. कोपऱ्यातल्या एका सर्व्हरच्या जिवावर ते चालत. बटण दाबलं की प्रत्येक संगणक सर्व्हरकडे नेटवर्कवरचा आपला पत्ता मागे, तो मिळाल्याशिवाय सुरूच होत नसे, आणि कोणत्या नंबरच्या नेटवर्क कार्डाला कोणता पत्ता द्यायचा ते दाजींनी लिहिलेल्या फाइलीत असे. पत्तेसुद्धा मानपान बघून दिलेले. सर्वांत जुन्याला पहिला. दहाही एकदम सुरू केलेले त्यांना खपत नसे. "पंगतीत समद्यांनी एकदमच ताट पुढं केलं तं वाढणाऱ्यानं काय करावं?" असं म्हणत ते एकेक बटण दाबत, तोवर पोरांचा अर्धा तास सरलेला असे. फाइल समजावून सांगा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुला काहून पायजे? मी हाय ना!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी एका संगणकाचं नेटवर्क कार्ड जळालं. दाजी तालुक्यातल्याच गोरेगावला राहत. त्यांची मिनतवारी नको म्हणून मी हिंगोलीहून मेकॅनिक आणला. त्यानं कार्ड बदललं, नव्या कार्डाचा नंबर फाइलीत लिहिला आणि एक कंस बंद करायचा विसरला. झालं! सर्व्हर कोणालाच पत्ता देईना. दहाही पडदे काळे आणि मेकॅनिक जीप पकडून पसार. परीक्षा झाली नसती तर वर्गाची मान्यताच जाणार होती.

टॉवेल-टोपी घेऊन मी गोरेगाव गाठलं. दाजींना बातमी आधीच लागलेली. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "हिंगोलीचा मेकॅनिक भेटला ना? मंग आमी कोन?" ताईनं दोनदा चहा केला, मी तीनदा चुकलो म्हणालो, तेव्हा कुठे त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

वर्गात येऊन त्यांनी फाइल वरून खाली वाचली आणि एक कंस टाकला. मग एकेक बटण दाबत दहाही संगणक सुरू केले. मी हट्टच धरला, तेव्हा सगळं वहीत लिहून दिलं. वही देताना म्हणाले, "घे. आता तुला माही काय गरज?" मी ते हसण्यावारी नेलं.

परीक्षा पार पडली, मान्यता टिकली. वही इतकी चोख होती की पुन्हा दाजींना बोलवायची वेळच आली नाही. बाजाराला आले की ते वर्गाच्या दारात थांबून विचारत, "चालू हाय ना समदं?" मी खुर्चीतूनच सांगायचो, "व्हय दाजी, चालू हाय." ते मान हलवून निघून जात. दाजी आता नाहीत, आणि मला राहून राहून वाईट वाटतं. एकदा तरी खोटं बोलून त्यांना आत बोलवायला हवं होतं.