उत्तर बरोबर, रीत चूक

सायखेड्याच्या सुवर्णाताईंचा स्वभावच संशयी. नाशकात भाजी नेली की व्यापाऱ्याच्या काट्याखाली वाकून बघणार, खताची गोणी शिलाई तपासल्याशिवाय उचलणार नाहीत. नवरा भारत म्हणायचा, "ही तीर्थाचासुद्धा वास घेते."

चाळिसाव्या वर्षी त्यांनी बाहेरून दहावीचा फॉर्म भरला आणि शेखर सरांकडे दुपारचा क्लास लावला. एके दिवशी सरांनी फळ्यावर अपूर्णांक लिहिला. वर x² − 9, खाली x − 3. सोपं रूप द्यायचं होतं.

ताईंनी x² खालच्या x नं कापला, नवाला तिनानं भागलं, वजा-वजा अधिक केलं. x + 3.

सर म्हणाले, "उत्तर बरोबर, रीत चूक. गुण मिळणार नाहीत."

"उत्तर बरोबर हाय ना मग?"

"वजाबाकीतली पदं अशी सुटी कापता येत नाहीत, ताई. आधी वरचे अवयव पाडा, (x + 3)(x − 3). मग अख्खा x − 3 अख्ख्या x − 3 बरोबर जातो."

ताईंना पटलं नाही. सर क्लास लांबवायला बघतात की काय? घरी त्यांनी x च्या जागी पाच घातले. वर सोळा, खाली दोन, उत्तर आठ. x + 3 सुद्धा आठच! दुसऱ्या दिवशी वही सरांपुढे सरकवली.

सरांनी नवा अपूर्णांक दिला. वर x² + 5x + 6, खाली x + 2. ताईंनी कापाकापी केली, x + 5x + 3 आलं. अवयव पाडून सरांचं आलं x + 3. "आता एक घाला," सर म्हणाले. मूळ अपूर्णांक चार, सरांचं चार, ताईंचं नऊ.

ताईंनी आपल्या उत्तरावर काट मारली. "म्हंजे कालचं नशिबानं निघालं?"

"नशिबानंच."

पण आता संशय सरांच्या रीतीवर वळला. ताईंनी पहिल्या गणितात एकेक आकडा घालून पाहिला. एक, दोन, चार, सगळं जुळलं. तीन घातले तर वर शून्य, खाली शून्य. आणि सरांचं x + 3 मात्र सहा!

"सर, तुमचं बी चुकलंय."

सरांनी पाहिलं आणि कान पकडले. खडूनं उत्तराशेजारी लिहिलं, x ≠ 3. "हे लिहायचं राहिलं माझं. खाली शून्य आलं की अपूर्णांकाला अर्थच उरत नाही."

निकालात ताईंना गणितात एकसष्ट मिळाले. भारतनं पेढे आणले. ताईंनी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली, आणि ती हातात पडेपर्यंत खोका काही उघडू दिला नाही.