देवघराच्या दगडाला आलेला करपा

"हनीफ, तुह्या दगडाले करपा आला बे!"

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात भास्कररावांचा हा फोन. करपा पिकावर येतो, दगडावर नाही. पण भास्करराव अमडापूरचे बी-बियाणं आणि औषधांचे दुकानदार. जगातली कुठलीही खराबी त्यांना पिकावरच्या रोगासारखीच दिसते.

"डाग पडला काय?" मी विचारलं.

"डाग नाई, करपा! पांढरे पांढरे चट्टे. बोगस माल देल्ला तू मले. आत्ताच्या आत्ता ये."

बोगस हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. बोगस बियाण्याच्या तक्रारी ज्याच्या काउंटरवर येतात, तो माणूस मला हा शब्द शिकवत होता. पण मी शटर परत खाली ओढलं आणि गाडी काढली. त्याला कारण होतं. भास्कररावांच्या घरी मी ऑनिक्स दगडाचं देवघर केलं होतं, आणि मेहकरच्या एक डॉक्टर मॅडम रविवारी तेच पाहायला येणार होत्या. पसंत पडलं तर त्यांच्या नव्या बंगल्याच्या हॉलची अख्खी भिंत माझ्याकडून करून घेणार होत्या. तो दिवस गुरुवार होता. माझ्या गोदामात ऑनिक्सचे तीन स्लॅब पडून होते आणि आमच्या भागात हा दगड आणणारा मी पहिलाच. पहिल्याच कामाला करपा आला, असं एकदा पसरलं, की ते तीन स्लॅब मला स्वतःच्या कबरीवरच लावावे लागले असते.

ऑनिक्स म्हणजे काय, ते आधी सांगतो. चुना विरघळलेलं पाणी झिरपत झिरपत थरावर थर साचून हा दगड होतो. त्यामुळे त्यात साईसारखे पट्टे असतात आणि मागून लाईट लावला की उजेड आरपार येतो. दिसायला याच्यासारखा दगड नाही. पण स्वभावाने नाजूक. ग्रॅनाइट म्हणजे शेतात राबलेला गडी, आणि ऑनिक्स म्हणजे सासरी पहिल्यांदाच आलेला जावई. जपूनच वागवावं लागतं.

भास्कररावांना तो स्वयंपाकघराच्या ओट्याला हवा होता. मोबाइलवर कुठलातरी फोटो पाहिला होता, हॉटेलातला. "खालून लाईट पायजे, वरून बायको पोया लाटीन," म्हणाले. मी सरळ नाही म्हटलं. ओट्यावर चिंच सांडते, टोमॅटो चिरतात, गरम कढई टेकते. महिन्यात ओट्याची वाट लागली असती. दोन तास वाद झाला. शेवटी ओट्याला काळा ग्रॅनाइट आणि देवघराची मागची भिंत व खालचा चौथरा ऑनिक्सचा, यावर तोडगा निघाला.

निवडतानाही गंमत झाली. भास्करराव गोदामात आले आणि कापसाचं बोंड तपासावं तसं स्लॅबला नख लावू लागले. मी म्हटलं, "ऑनिक्स नखानं नाई, उजेडानं पाहा." स्लॅब उभा करून मागे हॅलोजन धरला. अशाने दोन गोष्टी कळतात. एक, रंग खरा कसा दिसणार. दुसरं, आत तडा कुठे आहे आणि तो कुठे रेझिन भरून लपवलाय. फोटोवरून ऑनिक्स घेणारा माणूस हटकून फसतो.

भास्कररावांनी हिरव्या स्लॅबवर हात ठेवला. "हा घे. पऱ्हाटीसारखा हिरवागार हाये."

पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडची कपाशी. त्यांच्या पत्नी कमलताई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जलमभर पऱ्हाटीच पाहून राह्यलो आपण. देवाले तरी दुसरं काही दिसू द्या." आणि त्यांनी मधाच्या रंगाचा निवडला. बरोबर निवडला.

काम मी स्वतः उभा राहून केलं. साधं सिमेंट वापरलं असतं तर त्याचा राखाडी रंग आरपार दिसला असता, म्हणून पांढरं अ‍ॅडहेसिव्ह. वर सीलर, म्हणजे दगडाची बारीक छिद्रं बुजवणारं औषध. काम संपलं तेव्हा भास्कररावांच्या हातात एक छोटं पाकीट दिलं. त्यात साध्या साबणाची बोटभर बाटली, मऊ फडकं आणि मी छापून घेतलेला सूचनांचा कागद. लिंबू नको, दही नको, चिंच नको, भांडी घासायची पावडर नको. पाणी सांडलं तर लगेच पुसा.

भास्कररावांनी पाकीट न उघडता खिशात टाकलं. "दगडच त हाये," म्हणाले.

आता माझं जुनं दुखणं सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अमडापूरला आमचं चार एकर रान आहे. भाऊ पाहतो, पण पेरणीला मीही असतोच. बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणाऱ्या कपाशीच्या बियाण्याबरोबर एक छोटं पाकीट यायचं, साध्या कपाशीचं. ते शेताच्या कडेने पेरायचं, म्हणजे बोंडअळीला साधी कपाशी खायला मिळते आणि ती बीटीला लवकर सरावत नाही. असं त्या पाकिटावर लिहिलेलं असायचं म्हणे. पेरायचं कोण? आमच्याकडे ते गोठ्याच्या वळचणीला खोचलेलं असायचं. गावातल्या प्रत्येक गोठ्यात तसंच. मग ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली, त्या वर्षी मी किडकी बोंडं पिशवीत भरून भास्कररावांच्या काउंटरवर ओतली. दुकानात वीसेक माणसं होती.

भास्कररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "छोटं पाकीट पेरलं होतं काय?"

मी काउंटरवरची बोंडं चाळवू लागलो.

"नाई ना? मंग कंपनीले काऊन बोलता? चल, पुढचा!"

पिकाचं दुःख होतंच. पण ते 'चल, पुढचा' मला जास्त लागलं. एवढ्या लोकांत माझी किडकी बोंडं मलाच पिशवीत परत भरावी लागली. मी दगडाच्या धंद्यात हातगाडीवरून आलोय, कुणाकडून शब्द ऐकून घ्यायची सवय नाही. घरही त्यांच्याच गावात, त्यामुळे रोज दुकानासमोरून जाताना ते शब्द आठवायचे. त्यांच्या बंगल्याचं काम मी घेतलं ते धंदा म्हणून. विसरलो होतो म्हणून नाही.

तर गुरुवारी पोहोचलो. चौथऱ्यावर खरंच चट्टे होते. पांढरट, मळकट, चमक गेलेली. भिंतीच्या खालच्या भागावर ओघळ. मी गुडघे टेकून बोट फिरवलं. डाग दगडात मुरतो, बोटाला लागत नाही. इथे बोटाला खरखर लागत होती. म्हणजे हा डाग नव्हता. दगडाचा वरचा थर खाल्ला गेला होता.

"आंबट सांडून राह्यलं इथं," मी म्हटलं.

"आमच्या देवघरात?" भास्करराव चढले. "देव काय पाणीपुरी खाते काय बे?"

"ताई, कशानं पुसता तुम्ही?"

"पाण्यानं, हनीफभाऊ. तेही ओल्या फडक्यानं. अन् देवाची भांडी मी घासतच नाई. ते खातं यायच्याकडे." कमलताईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

भास्करराव अचानक देवांकडे पाहू लागले.

मी परवानगी घेऊन ताईंना मूर्ती बाजूला घ्यायला सांगितल्या. बाळकृष्णाच्या खाली एक स्वच्छ, चकचकीत गोल होता. गणपतीच्या खाली चौकोन. देव जिथे बसले होते तिथला दगड नव्यासारखा, आणि त्यांच्या भोवती सगळीकडे करपा. मूर्ती मात्र सोन्यासारख्या झळकत होत्या.

"पितळ लई चमकते, भास्करराव. कशानं घासता?"

"घासू नाई काय मंग? देव काळे पडू देऊ?"

"कशानं, ते सांगा."

"लिंबू," ते म्हणाले. मग हळूच, "अन् मीठ. आमच्या बापजाद्यापासून घासून राह्यलो आम्ही. इथंच बसून, देवाच्या पुढ्यात. अर्धं लिंबू घ्यायचं, मीठ लावायचं..."

"अन् पिळलेलं लिंबू?"

"ठेवतो बाजूले."

चौथऱ्याच्या कोपऱ्यात बरोबर लिंबाच्या फोडीएवढी सहा वर्तुळं होती. मी एकावर बोट ठेवलं. कमलताईंनी पदर तोंडाला लावला.

तरी माणूस मानायला तयार नाही. "लिंबानं दगड जाते काय? दगड हाये का बर्फी?" मी गाडीतून ऑनिक्सचा तुकडा आणला. त्यांच्याच परसातलं लिंबू, त्यांनीच तोडलं, त्यांनीच पिळलं. बारीक फेस आला, खडूवर आम्ल पडल्यावर येतो तसा. दहा मिनिटांनी मी पुसलं. तुकड्यावर पांढरा चट्टा. भास्कररावांनी चष्मा काढून पाहिला, घालून पाहिला, मग उन्हात नेऊन पाहिला.

इतक्या वर्षांत मी या क्षणाची किती तयारी केली होती, ते मलाच माहीत. मी उभा राहिलो, कपडे झटकले आणि विचारलं, "छोटं पाकीट वापरलं होतं काय?"

ते मला ओळखून चुकले. म्हणजे दगडवाला म्हणून नाही, बोंडवाला म्हणून.

कमलताई आत गेल्या आणि पाकीट घेऊन आल्या. कपाटात शर्टाच्या घड्यांखाली होतं. सील तसंच.

"नाई ना?" मी म्हटलं. "मंग दगडाले काऊन बोलता? चल, पुढचा!"

बोललो आणि मागे वळलो. मागे कुणीच नव्हतं. ना रांग, ना वीस माणसं. दारात पायपुसणं होतं आणि त्याच्यावर एक मांजर. एवढ्या वर्षांचं वाक्य मांजराला ऐकवून मी मोकळा झालो होतो.

भास्करराव शांतपणे खुर्चीत बसले. "झालं? आता सांग, रविवारी डॉक्टरीणबाईले काय दाखवतो? हाच करपा?"

पुढचा मीच होतो.

मग आमचा सौदा सुरू झाला. मी म्हटलं, पॉलिश करून देतो, पण चूक लिंबाची होती हे तुम्ही मॅडमसमोर कबूल करायचं. ते म्हणाले, मी कायले कबूल करू? मग मी पॉलिशचे पॅड परत गाडीत ठेवले. मग ते म्हणाले, बरं, पण माझं नाव घ्यायचं नाई. मी म्हटलं, मग काय देवाचं नाव घ्यायचं? चहा दोनदा झाला. शेवटी कमलताई वैतागल्या. "तुम्ही दोघं बसा भांडत. मीच सांगतो बाईले, मालकानं लिंबू फासलं म्हणून." भास्कररावांनी लगेच सौदा मान्य केला.

दोन दिवस लागले. ग्राइंडरला डायमंडचे पॅड लावायचे, पाणी सोडत घासायचं, आधी जाड दाण्याचा पॅड, मग बारीक, मग त्याहून बारीक. खाल्लेला थर काढला की खालचा नवा दगड वर येतो. पण हे दरवेळी करता येत नाही, दगड पातळ होत जातो. शेवटी पुन्हा सीलर. शनिवारी लाईट लावला तेव्हा चौथरा मधाच्या वाटीसारखा दिसत होता.

रविवारी मॅडम आल्या. हात फिरवला, खूश झाल्या. मग विचारलं, "याची निगा कशी राखायची?"

मी तोंड उघडणार, तर भास्करराव पुढे सरकले. "सांगतो ना. लिंबू नाई, दही नाई, चिंच नाई. पंचामृत ताम्हणात करायचं, खाली सांडू द्यायचं नाई. पितळ घासायचं त बाहेर नळावर. अन् हनीफ एक छोटं पाकीट देते, ते जपून वापरायचं. लोक वापरतच नाई मॅडम. मंग दगडाले दोष देतात." मॅडमनी मान डोलावली. कबुलीचा एक शब्द नाही. उलट सगळा शोध त्यांनीच लावल्यासारखं. पण त्यांच्या बोलण्यावरच मॅडमनी हॉलच्या भिंतीचं काम पक्कं केलं, म्हणून मी जीभ चावून बसलो.

पुढच्या पेरणीला मी त्यांच्याच दुकानात बियाण्याला गेलो. पिशवी देताना भास्कररावांनी छोट्या पाकिटावर टिचकी मारली. काही बोलले नाहीत. त्या वेळी रांगेत मागे बरीच माणसं होती.

घरी आल्यावर मी ते पाकीट आयुष्यात पहिल्यांदा वाचायला घेतलं. अक्षर इतकं बारीक, की चष्मा लावूनही लागेना. शेवटी उन्हात नेलं.

तेव्हापासून माझ्या सूचनांचा कागद मी मोठ्या अक्षरात छापतो. पाकिटाचं सील मीच फोडतो, आणि घरात देव कोण घासतं ते विचारून त्याच माणसाच्या हाताने माझ्यासमोर एकदा दगड पुसून घेतो. मगच निघतो.