दोन शिक्क्यांचं मत

अंथुर्ण्याच्या सारजाबाईंनी उभ्या जन्मात भंडारा उचलून शपथ घेतली नव्हती. एकदा शेजारणीनं कोंबडी चोरल्याचा आळ घेतला आणि चारचौघांत म्हणाली, "उचल बिरोबाचा भंडारा!" सारजाबाईंनी गुमान आपल्या खुराड्यातली कोंबडी काढून तिच्या हातात दिली. "कोंबडी परवडली. देवाला साक्षीला वढायचं म्हंजी खेळ न्हाय," एवढंच म्हणाल्या. सासऱ्यांच्या वेळची मेंढरं जाऊन घरात ऊस आला, दोन म्हशी आल्या. पण रविवारी बिरोबाला दिवा लावल्याशिवाय त्यांनी घास घेतला नाही.

त्यांचे मालक गेणूतात्या उलट्या घडणीचे. माणूस सरळ, पण 'न्हाय' म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती. समोरचा म्हणेल त्याला 'व्हय'.

मतदाराची फोटोची ओळखपत्रं नुकतीच निघाली होती, त्या सालची विधानसभा. खरी लढत दोघांतच. एकाची खूण छत्री, दुसऱ्याची कपबशी. चुरस एवढी, की दोन्हीकडची माणसं घर अन् घर मोजत होती. नुसत्या 'देतो मत' म्हणण्यावर कुणाचा भरवसा नव्हता. भंडारा उचलायला लावत होते.

मतदानाच्या सकाळी सारजाबाई धार काढून उठल्या, तोच दारात जीप थांबली. छत्रीचा हिंदुराव आतूनच ओरडला, "चला वहिनी, चार मतं हायती तुमची."

"कुणी सांगितलं?"

"तात्यांनी देवळात भंडारा उचललाय की! त्येंचं, तुमचं, म्हातारीचं आन् तुमच्या पोराचं, संभाजीचं."

एवढ्यात मागं दुसरी जीप. कपबशीचा दत्तोबा उतरला. "हिंदुराव, चुकीच्या दारात आलाय. परवा भिगवणला मासं खाल्ल्यावर तात्यांनी माझ्याम्होरं भंडारा उचललाय. चारी मतं कपबशीला."

सारजाबाईंनी चरवी खाली ठेवली. "मासं खाल्लेल्या हातानं?"

"हात धुतलं व्हतं," तात्या गोठ्यातूनच म्हणाले.

"अवो, पर दोघांला कसा उचलला?"

"दोघांनीबी गळ घातली. कुणाचं मन मोडायचं?"

"मानसांची मनं मोडू नगा. देवाचं मोडा!" सारजाबाईंचा आवाज चढला. मग त्या जीपवाल्यांकडं वळल्या. "तुमी दोघंबी ऐका. ह्येंनी उचलला, ह्येंच्या एका मताचा. आमच्या तिघांच्या वतीनं कुणी देवाला शब्द दिलेला न्हाय. चला आत्याबाई, चालत जाऊ."

त्यांच्या म्हाताऱ्या सासू भागूबाई काठी टेकत निघाल्या. "आमच्या टायमाला येकच मानूस उभा ऱ्हायचा बाई. लई सोपं व्हतं."

शाळेत सारजाबाईंनी आपल्या मनानं शिक्का मारला. कुणाला, ते त्यांनी सासूलाही सांगितलं नाही. मागून तात्या बाहेर आले ते हसतच.

"मिटलं बग! छत्रीवर येक शिक्का मारला, कपबशीवर येक. दोघांचाबी शब्द राखला."

"आवं, दोन शिक्क्यांचं मत बाद हुतं!"

"मानसांच्या हिशेबात. देवाला कळतंय की."

सारजाबाईंनी कपाळाला हात लावला. नवऱ्याला झापावं की देवाची माफी मागावी, हेच त्यांना सुचेना.

मोजणी संपता संपेना. फेरमोजणी झाली आणि कपबशी त्रेचाळीस मतांनी आली. बाद मतं निघाली हजारावर. त्यांत असले तात्या किती असतील, ते देवालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा गुलाल घेऊन आला. "तात्या, तुमच्यासारख्यांच्या जिवावर त्रेचाळीस!" तात्यांनी कपाळ पुढं केलं. तासाभरानं हिंदुराव पडल्या चेहऱ्यानं आला. म्हणाला, "तात्या, तुमी तरी इमान राखलं." तात्या त्यालाही 'व्हय' म्हणाले.

मग मात्र सारजाबाईंनी त्यांच्या दंडाला धरलं. हिंदुरावाला म्हणाल्या, "तुमीबी चला. दत्तोबालाबी बलवा." आणि सगळ्यांना बिरोबाच्या देवळात नेलं. पारावरची माणसंही मागं आली.

"बोला देवाम्होरं. काय केलं ते बोला."

तात्यांच्या कपाळावरचा गुलाल घामानं नाकावर उतरला. "देवा, म्या दोघांला शब्द दिला... आन् मत कुणालाच न्हाय दिलं," ते पुटपुटले.

मागं कुणीतरी खाली मान घालून हळूच सटकायला लागलं. एक नाही, तिघं-चौघं.

सारजाबाईंनी ते पाहिलं. दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मोठ्यानं बोला, अवो. आन् ह्येंचं झालं की तुमचाबी नंबर हाय."